वर्षातून एकदाच येणारी भरती

आमच्या सौंदडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी भरती-ओहोटीचा धडा शिकवावाच लागतो. तो चालू असताना चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या बोडीले बी भरती येते. पाणकाळ्यात!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, पोरगी अगदीच चूक नाही बरं का!

समुद्राला भरती येते ती चंद्र-सूर्याच्या ओढीने, दिवसातून साधारण दोनदा. आमच्या तलावांना येते ती पावसाच्या मर्जीने, वर्षातून एकदा.

सौंदडहून रेल्वेने अर्जुनी मोरगावकडे निघालं की देवलगाव स्टेशन लागतं. तिथून जवळच नवेगावबांध. टेकड्यांच्या कुशीत सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरलेलं गोडं पाणी! कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात हा बांध घातला, असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून पुजलं. तलाव बांधणारा माणूस देव झाला! कोहळी लोक या कामात मोठे वाकबगार. ना सिमेंट, ना यंत्र. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम आणि जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा.

पण खरी गंमत आहे ती काठाच्या उथळ पट्ट्यात. पहिल्या पुराबरोबर मासे उलट्या धारेने वर चढतात आणि उथळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत अंडी घालतात. पाणी ओसरू लागलं की चिखलात किडे, शिंपल्या, कंद उघडे पडतात आणि पक्ष्यांची पंगत बसते. हिवाळ्यात दूरदेशची बदकं येतात. माणसाएवढा उंच सारसही याच तलावांवर आणि धानशेतीत दिसतो. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरलाय. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसं गाळपेर करतात, ती वेगळीच.

या काठावर देवधान उगवतं, म्हणजे न पेरलेला रानतांदूळ. आता नकाशात अमेरिकेचं मेन राज्य शोधा. तिथे सहा नद्या एकत्र येऊन मेरीमीटिंग नावाचा उपसागर झालाय. त्याला समुद्राची भरती येते, तरी पाणी मात्र गोडं! तिथेही एक रानतांदूळ उगवतो (जात वेगळी हं) आणि प्रवासी बदकं त्यावर ताव मारतात. इतक्या दूरवर, पण पंगत तीच.

1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि अनेक ठिकाणी देखभाल सुटली. गाळ साचला. काठावर बेशरम माजली. तिला जनावर तोंड लावत नाही आणि तिच्या गचपणात देवधानाला जागा उरत नाही. देवधान, गाद, चौरा या वनस्पती गेल्या की मासळीचा आसरा जातो आणि मग धीवरांच्या जाळ्यात येणार काय? म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही तलावांत धीवर बायांनीच कंबर कसली. पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या मासळीला आवडते, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या डीएडच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं!

आणि ती मुलगी? तिने बोडीत पाण्याच्या कडेला बापाकडून खुणांची काठी रोवून घेतली. मृगाच्या आधी काठी कोरडी होती. पोळ्याला गेलो, तर नुसतं टोक दिसत होतं, त्यावर खंड्या बसलेला.