मावशी, मॉल नको!

परदेशात कुणाची मावशी असते, कुणाचा काका, कुणाची आत्या. 'ये ना एकदा' म्हणून दरवर्षी फोन येतो. मग एकदाचं तिकीट निघतं आणि बॅगेत कपडे कमी, चकल्या अन् मेतकूटच जास्त भरलं जातं. राहण्या-खाण्याचा खर्च शून्य म्हणून आपण खूश! पण तिथे गेल्यावर होतं काय? घरचे सकाळी ऑफिसला, तुम्ही दिवसभर एसीत मोबाइल घेऊन लोळताय. संध्याकाळी मॉल. सुट्टीच्या दिवशी दुसरा, जास्त मोठा मॉल. परत आल्यावर मित्र विचारतात, 'काय काय पाहिलंस?' तेव्हा काय सांगणार?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी दहा दिवस मावशीकडे मस्कतला होते. ओमानची ही राजधानी मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत येते. समुद्र आणि उघडे-बोडके डोंगर यांच्यामध्ये पांढऱ्या, ठेंगण्या इमारतींचं हे शहर वसलंय. तिथे जमलेली काही गणितं तुमच्याही कामी येतील.

आधी त्यांचं वेळापत्रक बघा

ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, रविवारी ऑफिस सुरू! म्हणजे आठवड्याचा किराणा, कपडे, झोप आणि भारतातल्या आईबाबांना फोन हे सगळं त्या दोन दिवसांत उरकायचं. त्यात तुमची भलीमोठी यादी घुसवू नका. आमचं ठरलं होतं: पाच दिवस माझे, सुट्टीतला एकच दिवस सगळ्यांचा.

एकट्याने सहज जमतं

'मवासलात' ही तिथली सरकारी बससेवा. या लाल बस शहरभर फिरतात. पहिला दिवस सुलतान काबूस ग्रँड मॉस्कसाठी ठेवा. 2001 मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीत शुक्रवार सोडून सकाळी 8 ते 11 या वेळात इतर धर्मीयांना आत जाता येतं. मुलींनी डोकं, हात, पाय झाकलेले हवेत, म्हणून एक मोठी ओढणी बॅगेत टाकाच. आतला एकसंध गालिचा 21 टन वजनाचा. इराणमधल्या 600 बायकांनी तो चार वर्षं विणला. आणि भिंतींचा वालुकाश्म? तो आपल्याकडून गेलेला, तब्बल तीन लाख टन!

दुसरा दिवस मत्राहचा. बंदराकाठचा हा जुना भाग. इथला सूक, म्हणजे बाजार, दुपारी बंद असतो, त्यामुळे चारनंतरच जा. गल्ल्या अरुंद, वर छप्पर आणि सगळीकडे लोबानाचा धूर. धोफार भागातल्या झाडांचा हा डिंक इथे प्रतीनुसार वेगवेगळ्या भावाने मिळतो. घासाघीस बिनधास्त करा, बहुतेक दुकानदारांना हिंदी समजतं. केशर, वेलची, गुलाबपाणी घातलेला ओमानी हलवा आणि सोबत कडू कहवा चुकवू नका.

सुटे पैसे हातात आले की नीट बघा. एका रियालचे 1000 बैसा. हा 'बैसा' म्हणजे आपला पैसाच! 1970 पर्यंत इथल्या व्यवहारात रुपयाच चालायचा.

वसई आठवेल

मत्राहहून पुढे जुनं मस्कत. निळ्या-सोनेरी खांबांचा अल आलम राजवाडा आणि त्याच्या दोन बाजूंना मिराणी आणि जलाली हे किल्ले. राजवाडा बाहेरूनच बघायचा. तटबंदी पाहून वसई आठवली तर नवल नाही. दोन्हीकडे पोर्तुगीजच होते. मस्कत त्यांनी 1507 मध्ये घेतलं, 1650 मध्ये ओमानींनी त्यांना हाकललं. आपल्याकडे वसई सुटायला चिमाजीअप्पांची मोहीम आणि 1739 साल उजाडावं लागलं.

त्यांनाही फिरवा

राजवाड्यासमोरच 2016 मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय संग्रहालय आहे. शनिवारी मी काका-मावशीला तिथे नेलं. काका 14 वर्षं मस्कतमध्ये आहेत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी गाडीने राजवाड्यापर्यंत आणलंय, फोटो काढून दिलेत, परत नेलंय. समोरच्या इमारतीत मात्र पाऊल टाकलेलं नव्हतं. मूळचे मालवणचे काका जहाजांच्या दालनातून हलायलाच तयार नव्हते. लाकूड कुठलं, दोर कसले, ते मलाच समजावून सांगत होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "इथे नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी परतच जायचंय, मग कशाला बघत बसायचं?" मावशी नुसतं म्हणाली, "चौदा वर्षं म्हणतोय हे." त्या दिवशी किराणा राहून गेला. रात्री खिचडीवर भागवलं, पण कुणाची तक्रार नव्हती.

आखाती देशांतल्या बहुतेक भारतीयांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. तुमचे नातेवाईक दुबईत, दोह्यात असोत की बहरीनला, पाहुणा येतो तेव्हाच ते शहर 'बघायला' बाहेर पडतात.

तेव्हा जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि तिकीट काढायच्या आधी फोनवर 'काय आणू?' विचारालच, त्यासोबत आणखी एक विचारा, 'तिथे राहून तुम्ही अजून काय बघितलेलं नाही?' यादीची सुरुवात तिथून करा.