जुन्या लॅपटॉपसाठी हलकी मुक्तस्रोत परिचालन प्रणाली : निवडीचा विचार

६.१ प्रास्ताविक

संगणकावरील मराठी लेखनाचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. ते लेखन ज्या यंत्रावर करावयाचे, त्या यंत्राचा विचार या घटकात करावयाचा आहे. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या अनेकांच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा लॅपटॉप असतो. तो सुरू होण्यास पाच-सात मिनिटे घेतो, स्वाध्याय लिहिताना मधेच थबकतो, आणि दुरुस्तीस नेल्यावर 'नवीनच घ्या' असा सल्ला ऐकावयास मिळतो. पुष्कळ वेळा हा सल्ला घाईचा असतो. यंत्र झिजलेले नसते, त्याच्यावर लादलेले ओझे वाढलेले असते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्यांना काही काळाची मुदतवाढ मिळते. तथापि ती मर्यादितच आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासूनच्या प्रोसेसरपासून सुरू होते. त्यापूर्वीच्या लॅपटॉपच्या मालकापुढे तीन वाटा उरतात : सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली वापरत राहणे, नवे यंत्र घेणे किंवा त्याच यंत्रावर वेगळी प्रणाली बसवणे. येथे विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या वाटेचा.

६.२ 'मुक्तस्रोत' आणि 'हलकी' या संज्ञांचा अर्थ

परिचालन प्रणाली, म्हणजे रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्राची स्मृती, साठवण, पडदा आणि कळफलक यांचा कारभार पाहते. जिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, ती प्रणाली मुक्तस्रोत होय. 'मुक्त' याचा अर्थ केवळ 'फुकट' असा नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने या स्वातंत्र्याला तात्त्विक आणि कायदेशीर बैठक दिली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा तयार केला. गाभा, ग्नूची साधने, पडद्यावरील मांडणी आणि उपयुक्त कार्यक्रम एकत्र बांधून जो संच दिला जातो, त्याला वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट ही अशी वितरणे आहेत.

'हलकी' ही संज्ञा मात्र जरा सावधपणे समजून घ्यावी लागते. लिनक्सचा गाभा बहुतेक वितरणांत जवळपास सारखाच असतो. वजनातील फरक मुख्यतः पडद्यावरील मांडणीमुळे पडतो. खिडक्या, यादीपट्टी, चिन्हे आणि त्यांच्या हालचाली दाखवणाऱ्या या थराला डेस्कटॉप पर्यावरण म्हणतात. ग्नोम आणि सिनॅमन ही पर्यावरणे देखणी, पण जड आहेत. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी त्यांच्या मानाने हलकी आहेत. आइसडब्ल्यूएम तर पूर्ण पर्यावरणही नव्हे; खिडक्या सांभाळणारा तो एक छोटा कार्यक्रम आहे. म्हणून 'मिंट हलके आहे काय?' हा प्रश्नच अपुरा आहे. सिनॅमनसह येणारे मिंट आणि एक्सएफसीईसह येणारे मिंट यांचा जुन्या यंत्रावरील अनुभव वेगवेगळा असतो.

यात एक गफलत वारंवार होते. प्रणाली कितीही हलकी असली, तरी ब्राउझर हलका होत नाही. मांडणीत वाचवलेली दोनतीनशे मेगाबाइट स्मृती एखादे चित्रफितींनी भरलेले संकेतस्थळ क्षणात गिळून टाकते. प्रणाली बदलूनही यंत्र मंद वाटले, तर दोष प्रणालीला देण्यापूर्वी ब्राउझरमध्ये किती पाने उघडी आहेत, हे मोजावे.

६.३ आपल्या यंत्राची ओळख

निवडीपूर्वी यंत्राविषयी तीन गोष्टी ठाऊक हव्यात. स्मृती किती आहे, साठवण फिरत्या तबकडीची आहे की एसएसडी, आणि प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट. विंडोजच्या सेटिंग्जमधील 'सिस्टीम' आणि त्यातील 'अबाउट' या पानावर स्मृती व प्रोसेसर यांची माहिती मिळते.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबावयास हवे. त्या पानावर कधीकधी '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' अशी नोंद दिसते. याचा अर्थ असा की, प्रोसेसर ६४-बिट असूनही त्यावर ३२-बिट प्रणाली बसवलेली आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांची हीच कथा आहे. त्यांवर ६४-बिट वितरण चालते. याउलट २००८ च्या सुमारास आलेल्या छोट्या नेटबुकांमधील अॅटम एन२७० हा प्रोसेसर खरोखरच केवळ ३२-बिट होता. हा भेद निर्णायक आहे, कारण ३२-बिट यंत्रांसाठीची दारे एकेक करून बंद होत आहेत. लुबुंटूची १८.०४ ही ३२-बिट यंत्रांसाठीची शेवटची दीर्घकालीन आधाराची आवृत्ती ठरली. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्थापना-संच देणे थांबवले.

साठवणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. थोडा खर्च करणे शक्य असेल, तर तो सर्वप्रथम फिरती तबकडी काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवण्यावर करावा. सुरू होण्याच्या वेळेत जो फरक यामुळे पडतो, तो कोणत्याही वितरणामुळे पडत नाही. स्मृती वाढवणे हा दुसरा उपाय. मात्र काही लॅपटॉपांत स्मृतीची पट्टी बदलता येत नाही, म्हणून आधी दुरुस्ती-कारागिराला यंत्र उघडून पाहण्यास सांगावे.

६.४ कोणत्या यंत्रास कोणते वितरण?

६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी स्मृती असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडावी. मिंटचे निर्माते किमान २ जीबी आणि सोयीसाठी ४ जीबी स्मृती सुचवतात. विंडोजवर वाढलेल्या हाताला तिची मांडणी परकी वाटत नाही : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ. उबुंटूच्या दीर्घकालीन आधाराच्या आवृत्तीवर ती उभी असल्याने तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. पदवीचा संपूर्ण कालावधी त्यात सहज मावतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट शे-दोनशे मेगाबाइटच्या बचतीपेक्षा मोलाची आहे.

लुबुंटू हे एलएक्सक्यूटीवर आधारलेले वितरण थोडे अधिक हलके आहे. परंतु त्याच्या दीर्घकालीन आवृत्तीला तीनच वर्षे आधार मिळतो. शिवाय उबुंटू परिवारात फायरफॉक्स 'स्नॅप' या बांधणीतून येतो. जुन्या तबकडीवर तो पहिल्यांदा उघडताना बराच वेळ घेतो. मिंट ही बांधणी टाळते. २ जीबी स्मृतीच्या यंत्रावर लुबुंटू चालेल, मात्र ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच पाने उघडण्याची शिस्त पाळावी लागेल.

स्मृती १ जीबीच्या आसपास असेल किंवा प्रोसेसर ३२-बिट असेल, तर अँटीएक्सचा विचार करावा. डेबियन १२ वर आधारलेली त्याची २३वी आवृत्ती ३२-बिट यंत्रांसाठीही उपलब्ध आहे. आइसडब्ल्यूएमची मांडणी रुक्ष आहे आणि काही गोष्टी शोधाव्या लागतात. अशा यंत्राकडून निबंध लिहिणे, पीडीएफ वाचणे आणि पत्रव्यवहार यांपलीकडे अपेक्षा ठेवू नये. दृक्श्राव्य संपर्कसत्रासाठी भ्रमणध्वनीच वापरावा.

पपी लिनक्सचे नाव अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. ऑस्ट्रेलियातील बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले हे वितरण स्वतःला स्मृतीत उतरवून पेन ड्राइव्हवरून चालते. बिघडलेल्या यंत्रातून धारिका बाहेर काढण्यास ते फार उपयोगी आहे. तथापि त्यात वापरकर्ता मूलतः सर्वाधिकारी म्हणूनच काम करतो. रोजच्या वापरासाठी ही रचना मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडील प्रयत्नांचाही उल्लेख केला पाहिजे. सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे 'बॉस' हे भारतीय भाषांना अनुकूल वितरण विकसित केले आहे. केरळमधील शासकीय शाळांत तर मुक्तस्रोत प्रणालींवर संगणक शिक्षण देण्याची परंपरा अनेक वर्षांची आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : एका लॅपटॉपमध्ये कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी स्मृती आणि ३२-बिट विंडोज आहे. त्यावर ६४-बिट वितरण बसवता येईल काय? कारण लिहा.

६.५ मराठी लेखनाची सोय

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी प्रणालीची खरी परीक्षा येथे होते. वर उल्लेखिलेल्या वितरणांत युनिकोड देवनागरी वाचण्यासाठी सहसा वेगळे काही करावे लागत नाही. लेखनासाठी कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये भारतीय मांडण्यांपैकी मराठी किंवा हिंदी मांडणी जोडावी. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना कळांच्या जागा ओळखीच्याच आढळतील : 'ल'च्या कळीवर शिफ्टसह 'ळ', 'र'च्या कळीवर शिफ्टसह 'ऱ'. रोमन लिपीतून उच्चारानुसार टंकन करणाऱ्यांना आयबस हे साधन आणि त्याचा एम१७एन हा जोडसंच बसवून घेता येतो.

मांडणी जोडल्यावर एक छोटी कसोटी घ्यावी. 'आचार्यांनी' आणि 'आचाऱ्यांनी' हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिल्यात रफार डोक्यावर, तर दुसऱ्यात अर्धचंद्राकृती र अक्षराच्या डावीकडे दिसला पाहिजे. गुरुजनांची आणि स्वयंपाक्यांची अशी गल्लत उत्तरपत्रिकेत शोभणारी नाही. दुसरा शब्द नीट उमटत नसेल, तर टंक बदलावा. नोटो किंवा मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता हे मुक्त परवान्याचे टंक विनामूल्य मिळतात.

मंगल हा टंक विंडोजसोबत येतो, लिनक्ससोबत नाही. मंगलमध्ये केलेला लेख लिबरऑफिसमध्ये उघडला, तर मजकूर शाबूत राहतो. मात्र टंक बदलल्यामुळे ओळी आणि पाने सरकतात. म्हणून स्वाध्याय सादर करताना त्याची पीडीएफ प्रत पाठवावी. याहून अवघड प्रश्न जुन्या लेखनाचा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या टंकांत पूर्वी केलेले लेखन युनिकोडमध्ये नसते. तो टंक नसलेल्या यंत्रावर त्या जागी रोमन अक्षरांचे निरर्थक झुबके दिसतात. आपल्याजवळ असे लेख, कविता वा टिपणे असतील, तर विंडोज काढून टाकण्यापूर्वीच ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. नंतर हे काम करणे अशक्य नसले, तरी मूळ टंक व कार्यक्रम हाताशी नसल्याने ते कमालीचे किचकट होते.

६.६ आधी चाचणी, मग स्थापना

वितरणाची प्रतिमा-धारिका त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. मिंटची धारिका सुमारे ३ जीबीची आहे. दैनंदिन डेटाची मर्यादा असेल, तर तसे नियोजन करावे. धारिका उतरल्यावर संकेतस्थळावर दिलेल्या एसएचए-२५६ या पडताळणी-अंकाशी ती ताडून पाहावी. ही नुसती औपचारिकता नव्हे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन वाचकांना दूषित धारिकेकडे वळवण्यात आले होते. अंक ताडून पाहणाऱ्यास अशी भेसळ ओळखता येते. मात्र संकेतस्थळावरील अंकही बदलला जाऊ शकत असल्याने त्याची स्वाक्षरीही तपासण्याची सूचना निर्माते करतात.

ही धारिका रूफस किंवा एचर या साधनाने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी आणि यंत्र त्यावरून सुरू करावे. त्यासाठीची कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९, एस्केप अशी वेगळी असते. प्रणाली आता बसवल्याविना चालू होते. या अवस्थेत वाय-फाय, ध्वनी, स्पर्शपट्टी, पडद्याचा उजेड आणि झाकण मिटल्यावर यंत्राचे झोपणे-जागणे तपासावे. ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चकत्यांना वेगळे चालक बसवावे लागतात. त्या वेळी भ्रमणध्वनी तारेने जोडून त्याचे आंतरजाल वापरता येते. पेन ड्राइव्हवरून चालताना प्रणाली संथ वाटणारच, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नये.

काही परिस्थितींत बदल न करणेच शहाणपणाचे असते. नोकरीतील लेखा-कार्यक्रम, डिजिटल स्वाक्षरीचे साधन किंवा ऑनलाइन परीक्षेची निरीक्षण-प्रणाली फक्त विंडोजवरच चालत असेल, तर आधी तिची पर्यायी व्यवस्था करावी. परीक्षा महिन्यावर आली असतानाही हा खटाटोप नको. स्थापनेच्या वेळी 'संपूर्ण तबकडी पुसा' हा पर्याय निवडल्यास त्यावरील सर्व काही जाते : लेख, छायाचित्रे, प्रमाणपत्रांच्या प्रती. त्यामुळे आवश्यक धारिका दोन ठिकाणी उतरवून, त्यांतील चार-दोन दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहिल्यानंतरच ती कळ दाबावी.

स्वाध्याय

१. घरातील किंवा परिचयातील एका जुन्या लॅपटॉपची स्मृती, साठवण आणि प्रोसेसर यांची नोंद करा. त्यासाठी कोणते वितरण सुचवाल, ते सुमारे दीडशे शब्दांत सकारण लिहा.

२. आपल्या जुन्या मराठी धारिका तपासा. त्यांपैकी कोणत्या युनिकोडमध्ये आहेत आणि कोणत्या नाहीत, याची यादी करून ती संपर्कसत्रात सोबत आणा.