ट्यूब प्रीअँप, कॉम्प्रेसर आणि खोलीतला पंखा

आजचा विषय आहे ट्यूबवाला मायक्रोफोन प्रीअँप, आणि तोही कॉम्प्रेसर सोबत असलेला. घरच्या घरी अभंग, गोष्टी, पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: आवाजाला ऊब यावी म्हणून हा डबा घ्यावा का? उत्तर आधी सांगतो. घ्यायचा तर जरूर घ्या. पण कॉम्प्रेसर तुमच्या गळ्याबरोबर खोलीतला आवाजही वर आणतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी एकदा दाबलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

उदाहरणाला दिल्लीतला हिंदूराव परिसर घेऊ. मराठी कानाला हे नाव लगेच ओळखीचं वाटतं, आणि ते आहेच आपलं. हिंदूराव घाटगे म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर रिजवरचं त्याचं घर हिंदूरावांनी घेतलं. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचं मोठं ठाणं याच घरात होतं. आज तिथे हिंदूराव रुग्णालय आहे. आता या भागात एखाद्या फ्लॅटमध्ये तुम्ही रेकॉर्डिंगला बसलात असं समजा. बाहेर रुग्णवाहिकेचा सायरन, रिजवरची माकडं, मोर. आत पंखा, फ्रिज आणि उन्हाळ्यात कूलर. पुणे, इंदूर, बेळगाव, कुठेही राहा, यादी थोडीफार अशीच असते.

ट्यूब नेमकं काय करते?

मायक्रोफोनमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. त्याला मोठं करणं हे प्रीअँपचं काम. त्यात बहुतेक वेळा १२एएक्स७ ही काचेची ट्यूब असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिच्यावर जोर टाकला की ती मूळ स्वरात त्याचेच वरचे उपस्वर मिसळते, विशेषतः दुप्पट कंपनसंख्येचा. कानाला तो आवाज भरीव वाटतो. आपण ज्याला ऊब म्हणतो ती हीच. म्हणजे ती एक गोड विकृतीच आहे.

जोर किती टाकायचा ते दोन नॉबवर ठरतं. इनपुट वाढवून आउटपुट कमी केलं की ट्यूबचा रंग जास्त. उलट केलं की आवाज स्वच्छ. एकट्या गळ्याला थोडा रंग शोभतो. हार्मोनियम किंवा तानपुऱ्यात मात्र उपस्वर आधीच भरपूर असतात. तिथे जोर टाकला तर आवाज उबदार होण्याऐवजी खरखरीत होतो. काही स्वस्त डब्यांत ट्यूबमागे नारिंगी दिवा लावलेला असतो. तो दिसायला छान, पण त्याचा आवाजाशी संबंध नाही. आणि ट्यूब तापायला वेळ लागतो. गाण्याआधी १५ ते २० मिनिटं डबा चालू ठेवा.

कॉम्प्रेसरचा हिशेब

कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो. कुठल्या पातळीपासून दाबायचं ते थ्रेशोल्ड ठरवतो, किती दाबायचं ते रेशो. ४:१ म्हणजे थ्रेशोल्डच्या वर आवाज ४ डेसिबल गेला, तर बाहेर फक्त १ डेसिबल वाढतो. १९६० च्या दशकातला एलए-२ए हा प्रसिद्ध ट्यूब कॉम्प्रेसर बघा. त्यात आवाजानुसार एक दिवा कमीजास्त उजळतो आणि तो प्रकाश बघून आवाज दाबला जातो. मुख्य नॉब दोनच: किती दाबायचं आणि नंतर किती उचलायचं. गोम आहे ती या उचलण्यात.

समजा तार सप्तकातली हाक उणे १० डेसिबलवर आहे आणि पंखा उणे ६० वर. कॉम्प्रेसरने हाक ६ डेसिबल दाबली, मग तुम्ही सगळंच ६ डेसिबल उचललं. हाक परत उणे १० वर आली, पण दोन ओळींमधल्या शांततेत पंखा उणे ५४ वर बसला. गळा थांबला की पंखा पुढे येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, खोली श्वास घेतेय.

आता दुसरा हिशेब. मायक्रोफोन तोंडापासून ६० सेंटिमीटरवर आहे. अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज साधारण ६ डेसिबल वाढतो. पुन्हा निम्मं, म्हणजे १५ सेंटिमीटर, केलं की आणखी ६. पंखा मात्र जिथे होता तिथेच. फुकटात १२ डेसिबलची कमाई, कुठलाही डबा न घेता. म्हणून आधी अंतर, मग गेन, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर. जवळून गाताना खर्ज फुगतो, म्हणून ८० हर्ट्झचा लो-कट लावा आणि मध्ये पॉप फिल्टर ठेवा.

मग कॉम्प्रेसर लावायचा की नाही?

टेपच्या काळात तो गरजेचा होता. हळू आवाज टेपच्या सरसरीत बुडायचा आणि मोठा फाटायचा. आज २४ बिटमध्ये जागा भरपूर आहे. सर्वांत मोठा आवाज उणे १२ च्या आसपास ठेवला तरी काही बिघडत नाही, आणि अचानक चढलेल्या तानेलाही मोकळीक राहते. दाबायचं काम नंतर सॉफ्टवेअरमध्ये करा. तिथे चुकलं तर मागे येता येतं.

तरी डब्यातला कॉम्प्रेसर वापरायचा असेल, तर हलक्या हाताने. रेशो २:१ किंवा ३:१. सुई मोठ्या स्वरांवर २ ते ३ डेसिबल हलावी, एरवी स्थिर राहावी. तबल्यासाठी अटॅक १० ते ३० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर चाटेची धार जाते. रिलीज १०० ते २०० पासून सुरू करा.

आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असतील, तर कॉम्प्रेसर बंदच ठेवा. त्या कदाचित एकदाच गातील. शब्द कुजबुजत संपवणं, मध्येच दम घेणं, हे चढउतार म्हणजेच त्यांचं गाणं. ते सपाट झालं तर परत आणायला दुसरी संधी नसते.

जोडणीचं थोडं

प्रीअँपचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा. माइक इनपुटला जोडलं तर एकावर एक दोन प्रीअँप लागतात आणि आवाज फाटतो. अडॅप्टर नीट वाचा: काही छोट्या प्रीअँपना ९ व्होल्ट एसी लागतो, नेहमीचा डीसी चालत नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळा. साध्या इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते आणि भणभण उतरते. पण ही भणभण घालवायला अर्थिंगची तार कधीही काढू नका. दिल्लीकरांना एक फायदा आहे: थंडीत पंखा-कूलर बंद असतात आणि घरात रजया असतात. गाणाऱ्याच्या मागे दोन रजया टांगल्या की खोलीची गुंज बरीच कमी होते. लग्नाच्या वरातीची वेळ तेवढी चुकवा.

आज एवढंच करा. गेन लावा, काही न बोलता १० सेकंद रेकॉर्ड करा. एकदा कॉम्प्रेसर बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. हेडफोन लावून दोन्ही ऐका. त्या शांततेत जे वाढलेलं ऐकू येईल, ते तुमच्या प्रत्येक गाण्याखाली असणार आहे. ते चालणार असेल, तर खुशाल लावा. भेटू पुढच्या भागात.