फळीवरची आगगाडी

खेळण्यातली आगगाडी वर्तुळात फिरते. खरी आगगाडी कोठून तरी कोठे तरी काही घेऊन जाते. एवढा भेद ध्यानी घेतला, तर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही रेल्वे मांडता येते.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते पाहून घरी परतलेला मनुष्य उत्साहाने खोलीची मापे घेऊ लागतो आणि निराश होतो. या छंदातील प्रचलित प्रमाण एकास सत्त्याऐंशी असे आहे. त्या प्रमाणात पेरांबूरच्या कारखान्यातील जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर लांब होतो. बावीस डब्यांची एक्सप्रेस जोडली, तर ती साडेपाच मीटरही ओलांडते. रूळ वळवावेत म्हटले, तर अठरा इंचांच्या त्रिज्येला तीन फुटांहून अधिक रुंदी लागते. चेन्नईसारख्या शहरातील घरात एवढी जागा पलंगाने आधीच घेतलेली असते.

तेव्हा एक्सप्रेसचा मोह सोडावा आणि मालधक्का निवडावा. एक फूट रुंद आणि आठ फूट लांब फळी पुस्तकांच्या कपाटावर सहज राहते. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाने ती चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत करावी. मात्र तुकड्यांच्या जोडावर रुळांचा सांधा येऊ देऊ नये.

एवढ्याशा जागेत गाडी करील काय? याचे उत्तर ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाने देऊन ठेवले आहे. दोन सांधे आणि तीन मार्गिका एवढीच त्याची सामग्री. एका मार्गिकेत पाच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि पुढच्या रुळावर इंजिनासह तीन. एकंदर वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडावयाच्या आणि त्याच क्रमाने लांब मार्गिकेत लावावयाच्या. हे क्रम ६,७२० होतात! सांधेवाल्याचे आणि शंटिंग करणाऱ्या चालकाचे डोके कसे चालत असेल, हे येथे हातांना कळते.

स्थळही जवळचेच घ्यावे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली. दक्षिणेतील पहिली १८५६ साली रॉयपुरमहून सुटली. देशात आज उभ्या असलेल्या स्थानकांच्या इमारतींत रॉयपुरमची इमारत सर्वांत जुनी मानली जाते. तिची स्तंभांची दर्शनी बाजू तेवढी पुठ्ठ्याची करून भिंतीला लावली, की दोन इंचांत स्थानक उभे राहते.

रुंदीचा एक पेच मात्र राहतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरांचा. प्रमाणाने तो एकोणीस मिलिमीटरांहून थोडा अधिक भरतो; बाजारातील रूळ परदेशी मापाचे, साडेसोळांचे. ज्याला ही तफावत खुपते, त्याने बारा मिलिमीटरांचे रूळ घेऊन मीटरगेज मांडावा. चेन्नई बीच ते तांबरम ही विजेची मीटरगेज गाडी १९३१ साली सुरू झाली आणि २००४ साली थांबली. तिची आठवण त्या निमित्ताने घरात राहील.

समुद्रकाठच्या हवेचा बंदोबस्त मात्र आधीच करावा. प्लायवूड पाण्याला टिकणारे घ्यावे आणि त्याच्या कडांनाही व्हार्निश द्यावे, नाही तर ते दमटपणाने वाकते. लोखंडी रूळ गंजतात, म्हणून निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. तेही मळतात, मळल्यास वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि इंजिन अडखळते. स्पिरिटच्या फडक्याने ते वरचेवर पुसावेत.

आता कोणी म्हणेल, या खटाटोपातून साधले काय? आज मालगाड्या बहुधा अखंडच भरतात आणि अखंडच रिकाम्या होतात. एकेक वाघीण निवडून गाडी जुळविण्याचे काम मुलांना फारसे पाहावयास मिळत नाही. हजारो माणसांनी दिवसरात्र केलेले ते काम आठ फुटांच्या फळीवर मुलाला दाखविता येते, आणि थोड्याच दिवसांत ते मूल आपल्याआधी क्रम लावून मोकळे होते.