सहीमागच्या बाई

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. आत आजेसासूबाईंचं जुनं लुगडं, पितळी अडकित्ता, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ''काय ठेवायचंय ते जुनं? द्या रद्दीत!'' आणि पावशेराच्या भावाने तो गठ्ठा जातोसुद्धा. मैत्रिणींनो, यंदा जरा थांबा. गठ्ठा सोडून एकेक कागद बघा. त्यातलं एखादं पोस्टकार्ड तुमच्या गावात मुलींची पहिली शाळा चालवणाऱ्या बाईंचं असू शकतं.

स्वाक्षऱ्या जमवण्याचा छंद आपल्याला नवा नाही. शाळेत असताना गुळगुळीत, रंगीत पानांची छोटी वही घेऊन आपण सगळ्याच फिरलोय. खेळाडू, नट, गायक यांच्या सह्यांसाठी झुंबड उडते. गांधीजी तर सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात टाकत! पण शिक्षणाचं काम केलेल्या माणसांच्या, त्यातही बायकांच्या सह्या आणि पत्रं जपणारे फार थोडे. नाणी आणि तिकिटं जमवणारे गल्लोगल्ली भेटतात. 'मी जुन्या शिक्षिकांची पत्रं जमवते' असं सांगणारी एखादीच.

खरं तर नुसत्या सहीपेक्षा सही असलेलं पत्र कितीतरी मोलाचं. सहीवरून नाव कळतं, पत्रातून माणूस कळतो. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याला माहीत आहेत. 1856 आणि 1868 ची पत्रं नायगावहून लिहिलेली, 1877 चं ओतूरहून. पहिल्या पत्राच्या वेळी त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. भाऊ त्यांच्या शाळेच्या कामाला नावं ठेवतो आणि त्या त्याला शांतपणे उत्तर देतात. दुसऱ्यात गावकऱ्यांच्या तावडीतून एका प्रेमी जोडप्याचा जीव कसा वाचवला ते आहे, तिसऱ्यात दुष्काळाचं वर्णन. एवढं मोठं आयुष्य, आणि नवऱ्याला लिहिलेली पत्रं हाती लागली ती तीनच! बाकीची कुठे गेली असतील? चुलीत, पाण्यात, की कसरीच्या पोटात?

जपणारी भेटली म्हणून

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत मात्र नशीब बरं. 1883 मध्ये त्या छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या भगिनीसंघात राहिल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंची पत्रं आणि त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेली पत्रं नीट जपून एकत्र केली. पुढे अ. भि. शहा यांनी त्यांचं संपादन केलं आणि 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो संग्रह प्रसिद्ध केला.

या पत्रांत रमाबाई जशाच्या तशा भेटतात. 1884 पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील, स्वतः मोठ्या शिक्षणतज्ज्ञ. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा काही बिशपमंडळींनी हरकत घेतली. रमाबाई चिडल्या. 'माझ्या वडिलांनी नाही, नवऱ्याने नाही कधी आडकाठी केली, मग तुम्ही कोण?' अशा अर्थाचं त्यांनी सरळ लिहून टाकलं. गंमत म्हणजे, धर्माच्या प्रश्नावर त्यांचं सर्वांत कडाक्याचं भांडण सिस्टर जेराल्डिन यांच्याशीच होतं. तरीही त्या बाईंनी आपल्याविरुद्ध लिहिलेली पत्रंही फाडली नाहीत. संग्राहक असावी तर अशी!

नावं बदलतात, अक्षर बदलत नाही

बायकांच्या सह्या शोधताना एक अडचण हमखास येते. ती म्हणजे नावाची. पुरुषाचं नाव जन्मभर एकच. आपलं तसं कुठे असतं? शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या आणि घरीदारी 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेल्या. बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक माहेरच्या केळकर. स्वतः रमाबाई आधी डोंगरे, मग मेधावी. म्हणून माहेरचं, सासरचं आणि लाडाचं अशी तिन्ही नावं ठाऊक असल्याशिवाय जुना गठ्ठा निकालात काढू नये. अनोळखी नावाखालचं अक्षर ओळखीचं निघतं कधीकधी.

माझ्या मावशीच्या स्वाक्षरीच्या वहीचंच बघा. मावशी 1956 ला मॅट्रिकला होती. तिच्या मुख्याध्यापिकाबाई बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. त्यांनी वहीत एकच ओळ लिहिलीय, 'लग्न ठरले तरी परीक्षा सोडू नकोस', आणि खाली ठसठशीत पूर्ण सही, तारखेसकट. मावशीचं लग्न खरोखरच मार्चमधलं ठरलं होतं. ते मे महिन्यात झालं, मध्ये तिने परीक्षा दिली. पुढे त्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिकेत देणगीदारांचे, अध्यक्षांचे पानपानभर फोटो. बाईंच्या वाट्याला यादीतलं एक नाव. शाळेची जुनी दप्तरं केव्हाच रद्दीत गेलेली. आज त्या बाईंच्या हातचं अक्षर आमच्या माहितीत एकाच ठिकाणी उरलंय, मावशीच्या वहीत.

खरी की खोटी?

आता तुम्ही म्हणाल, जुनं पत्र खरं की बनावट हे आपल्याला कसं कळणार? जुन्या बाजारात आणि लिलावात थोरामोठ्यांच्या सह्या विकायला येतात, त्यात नकलाही असतात. पण घरबसल्या काही गोष्टी तपासता येतात.

आधी भिंग घ्या. शाईच्या सहीत रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, वळणावर शाई साचते. छापील किंवा रबरी शिक्क्याची सही सगळीकडे सपाट दिसते. मग कार्ड बघा. आपल्याकडे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं, किंमत पाव आणा. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला आणि पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला. म्हणजे कार्डाची छापील किंमत पैशांत आणि आतली तारीख 1948 ची, असं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय! बॉलपेन आपल्याकडे सर्रास झालं तेही स्वातंत्र्यानंतरच. टपालाच्या शिक्क्यावरचं गाव आणि तारीख मजकुराशी जुळते का, हेही पाहा. शेवटी त्याच व्यक्तीचं खात्रीचं अक्षर, म्हणजे शाळेचा दाखला किंवा एखादं प्रमाणपत्र, शेजारी ठेवून ताडून बघा. पत्र मोडीत असेल तर घाबरू नका. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत.

कायद्याचंही थोडं ध्यानात असू द्या. 1972 च्या कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं, 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित वा कागदपत्र 'पुरावस्तू' ठरतं. ते आपल्या मनाने परदेशी पाठवता येत नाही, त्याचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. आणि कागद तुमच्या घरातला असला तरी मजकूर छापण्याचा हक्क लिहिणारीचा किंवा तिच्या वारसांचा. शिवाय पत्रांत कुणाची दुखणी असतात, माहेर-सासरच्या नाजूक गोष्टी असतात. म्हणून छापण्याआधी त्या घरी विचारावं, हे बरं.

जपायचं कसं?

• फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो.
• टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा. त्यांचा गंज कागद खातो.
• पाकीट फेकू नका. तारीख आणि पत्ता बऱ्याचदा त्यावरच असतो.
• घड्या हळूच उलगडून पत्र सपाट, कोरड्या जागी ठेवा. वर धुतलेलं, साधं सुती कापड. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटू देऊ नका.
• पावसाळा संपला की उघडून बघा, पण कडक उन्हात वाळत घालू नका.
• मोबाइलवर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा. पत्र कुणाचं, कुणाला, घरी कसं आलं, हे वेगळ्या वहीत लिहा.

घरी जपणं जमत नसेल तर संस्थांना विचारा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून जुनी कागदपत्रं सांभाळतंय. मुंबईत 1988 मध्ये सुरू झालेली 'स्पॅरो' ही संस्था खास बायकांच्या आयुष्याच्या नोंदी जपते. देताना मात्र एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि पोच घ्या.

एकटीने सुरुवात करायला अवघड वाटतं? मग महिला मंडळात विषय काढा. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. हार घालून फोटो काढण्यापेक्षा प्रत्येकीने घरातलं एखादं जुनं पत्र, दाखला, स्वाक्षरीची वही आणावी आणि टेबलावर मांडावी. आपल्या तालुक्यात मुलींना कुणी शिकवलं, हे त्या एका टेबलावरून कळेल.

आणि हो, ज्या बाईंनी आपल्याला शिकवलं त्या अजून आपल्यात असतील तर आणखी सोपं. येत्या शिक्षकदिनी मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवू नका. एक कोरं कार्ड आणि पेन घेऊन त्यांच्या घरी जा. म्हणावं, ''बाई, तुमच्या हातच्या चार ओळी हव्यात.'' सही पूर्ण नावाची घ्या. आणि तारीख घालायला विसरू देऊ नका!