न मागितलेला कैलास
लेखमाला : मेल्यानंतरचे आपण (भाग सहावा)

माझे थोरले मामा देवळाली प्रवरात राहायचे. साखर कारखान्यात फिटर होते. लाल निशाण पक्षाच्या सभांना सायकलवर जायचे. गणपतीची वर्गणी कधी बुडवली नाही आणि आरतीला कधी उभे राहिले नाहीत. जाण्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी वहीत लिहून ठेवले होते : दहावा नको, तेरावा नको, कावळ्याला उगाच कामाला लावू नका.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे प्रवरेच्या काठावर होतो. मंडप होता, माईक होता, महाराजांचे प्रवचन होते. आपल्या नगर जिल्ह्यात दशक्रिया म्हणजे अर्धा विधी आणि अर्धी जाहीर सभा, हे वाचकांना सांगायला नको. श्रद्धांजलीला उभे राहिलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘मामा वरून नास्तिक दिसायचे, पण आतून माळकरीच होते.’’ माना डोलल्या. तिकडे पिंडाला कावळा शिवेना. मावसभावाने हात जोडून सांगितले, ‘‘मामा, मामींचं आम्ही बघू, काळजी नका करू.’’ तरी शिवेना. ऊन वर आले, जेवणाच्या पंगती खोळंबल्या, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. गावाकडचे लोक म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असणार. राहिली होतीच. ती वहीत होती.

हे आठवायचे कारण, गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारलेला प्रश्न. त्यांचा भाचा अमेरिकेत मॉर्मन झाला आहे. आजोबांची जन्मतारीख आणि जन्मगाव त्याने कळवायला सांगितले. कशाला, तर आजोबांचा बाप्तिस्मा करायचा आहे. आजोबा वारले त्याला तीस वर्षे झाली, आणि ते हयातभर कोणत्याच देवळात गेले नव्हते. वाचक विचारतात, हे चालते का?

मॉर्मन पंथात चालते, नव्हे, ते कर्तव्य मानले जाते. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४० साली अमेरिकेतल्या नॉव्हू या गावी एका अंत्यविधीच्या वेळी ही शिकवण प्रथम सांगितली. पहिले बाप्तिस्मे मिसिसिपी नदीतच झाले. पुढे ते मंदिरातल्या हौदात होऊ लागले. हा हौद बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर पेललेला असतो. पांढऱ्या कपड्यातले जिवंत माणूस, बहुतेक वेळा बारा-पंधरा वर्षांचे पोर, मृताच्या नावाने पाण्यात बुडी घेते. एका नावाला एक बुडी. नाव, तारीख, गाव अशी माहिती लागते, म्हणून या पंथाने १८९४ मध्ये वंशावळ संस्थाच काढली, आणि आज जगातला सर्वांत मोठा वंशावळींचा साठा त्यांच्याकडे आहे. त्यात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेही आहेत. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यात पणजोबांची सही सापडली की आपल्याला भरून येते. यूटामधल्या मॉर्मन माणसालाही बहुधा तसेच भरून येत असेल.

बायबलमध्ये याला आधार एका वचनाचा, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला. बाकी ख्रिस्ती जगाने मृतांसाठी बाप्तिस्मा हा त्याचा अर्थ कधीच टाकून दिला. कार्थेजच्या परिषदेने ३९७ मध्ये मृतांना बाप्तिस्मा देऊ नये असे ठरवले. २००८ मध्ये व्हॅटिकनने आपल्या धर्मप्रांतांना मॉर्मनांच्या हाती पॅरिशच्या नोंदवह्या देऊ नका, असे कळवले.

मॉर्मनांची बाजू मात्र आपण समजतो तितकी पोकळ नाही. ते म्हणतात, या विधीने कोणी मॉर्मन होत नाही. आमच्या सभासदांत त्याचे नाव मोजले जात नाही. आम्ही फक्त दार उघडतो. पलीकडचा आत्मा आत यायचे की नाही ते स्वतः ठरवतो. नियमही आहेत : स्वतःच्याच पूर्वजांची नावे द्यावीत, आणि माणूस गेल्या ११० वर्षांत जन्मलेला असेल तर जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी घ्यावी.

नियम मोडले जातात तेव्हा काय होते, हे पुरेसे दिसले आहे. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावे मोठ्या संख्येने या यादीत गेली होती. ज्यू संघटनांनी आरडाओरडा केल्यावर १९९५ मध्ये करार झाला आणि सुमारे ३ लाख ८० हजार नावे काढली गेली. तरी २०१२ मध्ये अॅन फ्रँकचे नाव पुन्हा एका मंदिरात निघाले. पंधराव्या वर्षी छळछावणीत मेलेली मुलगी. तिला वंशज कुठून असणार? ज्यू असल्याबद्दल जिचा जीव घेतला, तिचे ज्यू असणे तेवढे उरले होते. त्याच वर्षी गांधीजींच्या नावानेही असा विधी झाल्याची नोंद सापडल्याच्या बातम्या आल्या. आणि आपल्या वाचकाच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण बराक ओबामांच्या आईचे. त्या संशयवादी होत्या, कोणत्याच धर्मसंस्थेला बांधलेल्या नव्हत्या, १९९५ मध्ये वारल्या. २००८ मध्ये मुलगा अध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना त्यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला. पंथाने नंतर हे नियमबाह्य असल्याचे सांगितले.

आता खरा अडचणीचा मुद्दा. आजोबा नास्तिक होते ना? मग त्यांच्या दृष्टीने मेल्यावर काहीच नाही. कोणीतरी सात समुद्रापलीकडे पाण्यात बुडी मारली, तर त्यांचे बिघडले काय? श्रद्धावान ज्यूने रागवावे हे समजते. नास्तिकाच्या नातवाने कशाला रागवायचे?

हा युक्तिवाद मी बरीच वर्षे मान्य करत होतो. मामांच्या दहाव्याला तो गळाला. श्रद्धावानाच्या हिशेबी त्याचा आत्मा तरी मागे उरतो. लोक काहीही म्हणोत, देवाला खरे ठाऊक आहे, असे म्हणून तो निर्धास्त मरतो. नास्तिकाला ही सोय नाही. त्याचे उरते ते फक्त नाव, आणि त्या नावाबद्दल लोक जे सांगतात ते. ती गोष्टच बदलली तर त्याचे सगळेच गेले. नदीकाठी त्या भाताच्या गोळ्याने मामांचे काही बिघडवले नाही. ‘आतून माळकरी’ या दोन शब्दांनी बिघडवले.

आणि आपण हे दोन शब्दांतही करत नाही, एका अक्षरात करतो. ‘कै.’ लिहिले की माणूस कैलासवासी. वारकरी घर असेल तर ‘वै.’ लिहून वैकुंठाला. कोणत्या देवाच्या दारी उतरवायचे, हे पत्रिका छापणारा ठरवतो! यातला सर्वांत गमतीचा प्रवासी म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. हयातीतच विरोधकांनी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली, स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते असे सांगतात, देवाबद्दल ते उघड अज्ञेयवादी. १८९५ मध्ये वारले. तेव्हापासून किती पुस्तकांत, किती शाळांच्या भिंतींवर ‘कै. आगरकर’ छापले गेले असेल, मोजा. बारा बैलांचा हौद नाही, पांढरे कपडे नाहीत, परवानगीचा तर प्रश्नच नाही. एक अक्षर आणि एक टिंब.

लिहून ठेवले तरी सगळे पाळले जाते असे नाही. जोतीराव फुल्यांना मिठात पुरून घ्यायचे होते. घरामागे खड्डाही खणला होता. वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि १८९० मध्ये त्यांचे दहन झाले. पुतण्याने अंत्यविधीचा हक्क सांगितल्यावर टिटवे धरायला सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. जोतीरावांचे दफनाचे म्हणणे हुकलेच. सावरकरांनी मात्र पिंड नको, श्राद्ध नको, दुकाने बंद नकोत, विद्युतदाहिनीत न्या, असे बजावले होते, आणि १९६६ मध्ये ते विद्युतदाहिनीतच गेले. इच्छा नीट लिहिलेली असणे आणि ती पाळणारे माणूस दाराशी उभे असणे, दोन्ही लागते.

देवळालीच्या शेजारीच राहुरी आहे. या विषयावर बोलताना राहुरी मला टाळता येत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न सांगता. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. पुढे नवऱ्याच्या घरी राहायला आल्यावरही सोवळे-ओवळे सांभाळत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, राहुरीला, स्वतःला पटले तेव्हा. पाच वर्षे लागली, आणि ती पाच वर्षे त्यांना मिळाली. टिळकांची घाई, मिशनऱ्यांची आशा, माहेरचा आकांत या सगळ्यांना थांबावे लागले, कारण बाई जिवंत होती आणि ‘नाही’ म्हणू शकत होती. मृताला वाट पाहायला लावता येत नाही, हेच त्याच्या विधीतले मोठे संकट. खुद्द टिळकांनी आपल्या शेवटाबद्दल लिहून ठेवले होते. ख्रिस्ती रिवाज दफनाचा, पण १९१९ मध्ये मुंबईत ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले आणि रक्षा नगरला आणली गेली.

आपल्या शास्त्रात याच्या नेमका उलटा विधीही आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो सांगितला आहे : पतित ठरलेल्या माणसासाठी सपिंड नातेवाइकांनी गावाबाहेर, संध्याकाळी, मेलेल्याला द्यावे तसे पाणी द्यायचे आणि दासीने पाण्याचा घडा पायाने लवंडायचा. माणूस जिवंत असतो. याला घटस्फोट म्हणत. नवराबायकोच्या काडीमोडाला हा शब्द फार नंतर चिकटला. मॉर्मन मेलेल्याला आत घेतात, आपण जिवंताला बाहेर काढत होतो. दोन्हीकडे त्या माणसाला कोणी विचारत नाही.

पण आपल्याच परंपरेत मला पटणारे काही असेल, तर ते तर्पण. आईवडिलांना पाणी देऊन झाले की मग गुरू, मित्र, ज्यांना कोणी नाही ते, ज्यांचे नावगोत्र ठाऊक नाही ते, अशा सगळ्यांना ओंजळ सोडतात. भीष्म निपुत्रिक गेले, म्हणून त्यांना कोणीही पाणी देतो.  या ओंजळीने कोणाचे काही बदलत नाही. कोणाची नोंद होत नाही, कोणाला कशात घेतले जात नाही. पाणी देणाऱ्याचे, आणि आठवणही देणाऱ्याची.

आणखी एक उदाहरण. मे १९३५ मध्ये रमाबाई आंबेडकर गेल्या. बाबासाहेबांची हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झाली, म्हणजे मन केव्हाच उठलेले होते. तरी धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात नोंद आहे की रमाबाईंचे क्रियाकर्म जवळपास हिंदू रीतीनेच झाले. पुढे १९५६ मध्ये नागपूरला ज्यांनी श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा दिली, त्यांच्याच घरातली ही गोष्ट. विसंगती म्हणणारे म्हणोत. गेलेल्या बाईची श्रद्धा तिच्यापाशी राहू दिली, असे मी म्हणेन.

तेव्हा वाचकहो, भाच्याला माझे उत्तर असे कळवा. आजोबांनी ‘नको’ म्हटले असेल, किंवा जगून दाखवले असेल, तर तारीख देऊ नका. त्यांच्या पंथाचाच नियम तुमच्या बाजूने आहे. आजोबा ११० वर्षांच्या आत जन्मले असतील तर जवळच्या नातेवाइकाचा होकार लागतो, आणि मृताचा जोडीदार आणि हयात मुलेच जवळची, भाचा-नातू नाही. त्याला आजोबांसाठी प्रार्थना करायची असेल तर करू द्या, ती त्याची आहे. नाव मात्र यादीत घालू देऊ नका. आणि हे पत्र लिहिण्याआधी घरातल्या हॉलमध्ये जाऊन आजोबांच्या फोटोखाली काय लिहिले आहे ते बघा.

आमच्याकडे मामांच्या फोटोखाली ‘कै.’ आहे. मी गेल्या दिवाळीत मामींना विचारले, बदलून ‘दिवंगत’ करू का? मामी म्हणाल्या, ‘‘त्यांची वही मी वाचली होती रे. पण दहा दिवस मी काय करत बसले असते, ते त्यांनी लिहिलं नव्हतं.’’ दहाव्याची समजूत मला त्या दिवशी पटली. पिंड मामींचा होता. ‘कै.’चे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. फोटो त्यांच्या उशालगतच्या भिंतीवर आहे. त्या आहेत तोवर मी त्याला हात लावणार नाही.