दूध, बिस्किटं आणि एक खासदार

"दूध पी, म्हणजे उंच होशील!" हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? पण दुधानं उंची वाढते, हे कळलं कसं? "तो समोरचा दादा बघ, रोज दूध पितो, केवढा ताडमाड झालाय!" एवढ्यावर भागत नाही हं. कदाचित दादाचे बाबाच उंच असतील. किंवा त्याच्या घरी दुधाबरोबर अंडी, फळं, भाज्या सगळंच भरपूर असेल. मग उंची वाढवली कुणी? दुधानं, अंड्यानं की बाबांनी?

स्कॉटलंडमधले एक डॉक्टर १९२७ च्या सुमाराला या प्रश्नाच्या अगदी मागेच लागले. त्यांचं नाव जॉन बॉइड ऑर. पुढे ते खासदार झाले आणि त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. पण आधी त्यांचा प्रयोग बघू, कारण तो मला फार आवडतो.

ऑर आणि त्यांच्या सोबत्यांनी शाळेतली हजारावर मुलं निवडली, त्यांची वजनं आणि उंच्या मोजल्या आणि त्यांचे गट पाडले. एका गटाला शाळेत रोज साईसकट दूध. दुसऱ्याला साय काढून घेतलेलं दूध. तिसऱ्याला बिस्किटं. आणि चौथ्याला जादा काहीच नाही, फक्त घरचं नेहमीचं जेवण.

थांबा, लगेच पुढे वाचू नका. दुधाच्या प्रयोगात बिस्किटं कशाला आली असतील, सांगा पाहू?

दूध पिणारी मुलं वाढली, तर कुणीही म्हणेल, "अहो, पोटात चार घास जास्त गेले म्हणून वाढली. त्यात दुधाचं काय कौतुक?" म्हणून दुधातून जेवढी ऊर्जा मिळते तेवढीच बिस्किटांतून दिली. आता दोन्ही गटांत फरक दिसला, तर तो नुसत्या पोट भरण्यामुळे नाही, हे नक्की!

सात महिन्यांनी पुन्हा मोजलं. दूध न मिळालेल्या मुलांच्या दर पाच मिलिमीटर वाढीमागे दूध मिळालेली मुलं सहा मिलिमीटर वाढली. म्हणजे जवळजवळ २० टक्के जास्त. बिस्किटांनी तसं काही झालं नाही. आणि गंमत म्हणजे, साय काढलेलं दूधही साईच्या दुधाइतकंच कामाला आलं. त्या काळी अशा दुधाला फारशी किंमत नसे. पण हाडं घडवणारं कॅल्शियम आणि अंग भरणारी प्रथिनं तर त्यातच उरतात. साईबरोबर मुख्यतः स्निग्ध पदार्थ निघून जातो.

हे डॉक्टर मुलांच्या पोटाची एवढी काळजी का करत होते? त्यासाठी थोडं मागे जाऊ. जॉनचा जन्म १८८० सालचा, किलमॉर्स गावातला. घरी सात भावंडं. तेराव्या वर्षी तो किलमारनॉकच्या मोठ्या शाळेत गेला. वडिलांची दगडाची खाण तिथून जवळच होती, म्हणून राहायची सोयही तिकडेच झाली. जॉन खाणकामगारांत असा रमला की चार महिन्यांत शाळेच्या धड्यांपेक्षा शिव्याच जास्त शिकला! घरच्यांनी त्याला तडक गावच्या शाळेत परत आणलं.

पुढे तो ग्लासगोला शिकून शिक्षक झाला. पहिली नेमणूक गरीब वस्तीतल्या शाळेत. वर्गात दाटीवाटीनं बसलेली मुलं, अंगावर अपुरे कपडे, डोक्यात उवा, पोटात भूक. भुकेल्या मुलांना शिकवायचं तरी काय? त्यांचे हाल आपल्याला थांबवता येत नाहीत, हे त्याला सहन झालं नाही. थोड्याच दिवसांत त्यानं ती नोकरी सोडली. मग पुन्हा विद्यापीठात जाऊन तो डॉक्टर झाला. तेव्हा त्याचं वय होतं ३२ वर्षं!

पहिल्या महायुद्धात ऑर पलटणीचे डॉक्टर होते. ओल्या खंदकांत सैनिकांचे पाय सडत, म्हणून ते प्रत्येकाला एक माप मोठे बूट मिळतील याकडे स्वतः लक्ष देत. लोक सोडून गेलेल्या परसबागांतली भाजी आणून जवानांच्या जेवणात घालत. युद्ध संपल्यावर ॲबर्डीनच्या रोवेट संशोधन संस्थेत त्यांनी मेंढ्या-गुरांच्या चाऱ्यातले क्षार तपासले. गुरांची वाढ आपण इतकी जपून मोजतो, मग मुलांची का नाही?

ऑरना एक जिवलग मित्र होता, वॉल्टर एलियट. तोही डॉक्टर, तोही संशोधक, आणि शिवाय राजकारणात. एलियट ब्रिटनचा शेतीमंत्री असताना, १९३४ मध्ये, शाळेत मुलांना अर्ध्या पेनीत सुमारे १९० मिलिलिटर दूध मिळू लागलं. पुढे १९४६ च्या कायद्यानं ते सगळ्यांना फुकट झालं.

मध्ये एक मजेदार चूक घडली, ती सांगायलाच हवी. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनर्कशायर भागात सरकारनं ऑरच्या दुधाच्या प्रयोगाहूनही मोठा प्रयोग केला. २०,००० मुलं! निम्म्यांना दूध, निम्म्यांना नाही. पण गट ठरवताना शिक्षकांना थोडी मोकळीक होती. त्यांचं मन कळवळलं आणि अशक्त, गरीब मुलं दुधाच्या गटात जास्त गेली. शिवाय वजनं कपड्यांसकट केली, एकदा फेब्रुवारीच्या कडाक्यात आणि एकदा जूनच्या उन्हाळ्यात. बऱ्या घरच्या मुलांनी जूनमध्ये जाड लोकरी कपडे उतरवले. गरिबांकडे उतरवायला होतं काय? मग वजनकाट्यावर मूल किती वाढलं आणि कोट किती कमी झाला, हे कळणार कसं? 'स्टुडंट', म्हणजे 'विद्यार्थी', या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका संख्याशास्त्रज्ञानं ही चूक पकडली. तो म्हणाला, एवढ्या मुलांऐवजी हुबेहूब जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या, तर उत्तर जास्त भरवशाचं आलं असतं!

ऑरनी आता घराघरांतला खर्च तपासला. १,१५२ कुटुंबांच्या हिशेबांवरून त्यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की ब्रिटनमधल्या जवळजवळ निम्म्या लोकांना पुरेसं सकस अन्न परवडत नाही. सरकारला हे ऐकायला मुळीच आवडलं नाही. ऑर मात्र मागे हटले नाहीत.

१९४५ मध्ये ते अपक्ष खासदार झाले. त्यांचा मतदारसंघ काही वेगळाच होता. तिथे ना गाव, ना गल्ली. स्कॉटलंडच्या चार विद्यापीठांचे पदवीधर त्याचे मतदार, आणि मतं यायची टपालानं! पण त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना जन्मली आणि ऑर तिचे पहिले प्रमुख झाले. (हाच दिवस आपण जागतिक अन्न दिन म्हणून पाळतो.) दोन कामं एकदम कशी जमणार? पुढच्या वर्षी त्यांनी खासदारकी सोडली. रिकाम्या खुर्चीवर कोण निवडून आलं असेल? मित्र वॉल्टर एलियट!

आता ऑरना सगळ्या जगाची मिळून एक कणगी हवी होती. पीक उदंड आलं की धान्य भरून ठेवायचं, दुष्काळ पडला की काढायचं. शेतकऱ्याचा भावही पडणार नाही आणि कुणी उपाशीही राहणार नाही. मला ही कल्पना आजही फार मोलाची वाटते. ब्रिटन आणि अमेरिकेनं मात्र नकार दिला. ऑर फार निराश झाले आणि १९४८ मध्ये ते पद सोडून परतले.

दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल जाहीर झालं, तेही शांततेचं! भुकेल्या जगात शांतता टिकत नाही, असं ते जन्मभर सांगत आले होते. बक्षिसाची सगळी रक्कम त्यांनी शांततेसाठी झटणाऱ्या संस्थांना देऊन टाकली. मग स्कॉटलंडमधल्या ब्रेकिनजवळच्या शेतावर ते राहिले, वयाच्या नव्वदीपर्यंत.